कोल्हापूरच्या गाडीवाल्यांना खुले पत्र: मागून सायरन आला की पाय कुठं जातो?

एमएच ०९ ची पाटी लावून रस्त्यावर उतरणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी गेली १९ वर्षं राजारामपुरीत मोटार ड्रायव्हिंग शिकवते. या वर्षांत माझ्या शेजारच्या सीटवर बसून कितीतरी जणांनी पहिल्यांदा क्लच सोडला. गाडी गचके खात पुढं गेली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. त्यातले बरेच जण आज तुमच्यात आहेत. कुणी टेम्पो चालवतं, कुणी स्कूलबस, कुणी सकाळी पोरांना शाळेला सोडायला चारचाकी काढतं. त्यामुळं हे पत्र परक्यांना लिहितेय असं मला वाटतच नाही.

विषय एकच आहे. मागून ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू आला की आपण काय करतो?

मागच्या दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या आप्पांना संध्याकाळचा चहा घेताना पक्षाघाताचा झटका आला. कप हातातून निसटला, तोंड एका बाजूला गेलं, शब्द बोबडे झाले. १०८ ला फोन केला, गाडी आली, मी त्यांच्याजवळ मागं बसले. फुलेवाडीहून निघालो. रंकाळ्यापर्यंत गाडी बरी पळाली. पुढं बाजाराची गर्दी लागली आणि गाडी थांबली. सायरन चालूच होता, पण बाजूच्या काचेतून मला दिसणारं आकाशकंदिलांचं दुकान तेच होतं. मी तो एकच पिवळा कंदील बघत होते. ड्रायव्हरदादा भोंग्यावरून ओरडत होते, "पांढरी गाडी, डावीकडं घ्या. ओ पांढरी गाडी, डावीकडं!" तीनदा झालं, चारदा झालं. पांढरी गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. पुढं जाईना, बाजूला होईना. शेवटी दोन पोरं दुचाकीवरून उतरली, त्यांनी त्या गाडीच्या बॉनेटवर थाप मारून तिला कडेला घ्यायला लावलं, आणि आम्ही सुटलो.

बाजूनं जाताना मला त्या गाडीतला चेहरा दिसला. तो माझा विद्यार्थी होता. हुशार, सालस पोरगा. पहिल्याच फटक्यात लायसन काढलेला, चढावर गाडी एक इंचसुद्धा मागं न जाऊ देणारा. त्याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट होते आणि डोळे समोरच्या रिक्षाच्या लाल दिव्यावर खिळलेले होते.

आप्पा वाचले. उजवा हात अजून साथ देत नाही. तो हात त्या दोन-तीन मिनिटांनीच नेला, असं मी म्हणणार नाही. डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण त्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली, ती मी विसरू शकत नाही. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर तितकं पदरात जास्त पडतं. हृदय बंद पडलेल्या माणसाचं गणित तर याहून कठोर आहे. छातीवर दाब देणारं कुणी नसेल तर वाचण्याची शक्यता मिनिटागणिक ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. आपण चौकात सिग्नल सुटायची वाट बघतो, तेवढ्यात कुणाचा तरी इतका हिशेब झालेला असतो.

घरी आल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा राग होता, तुमच्या सगळ्यांबद्दल. मग आठवला २०१९ चा ऑगस्ट, आणि राग टिकेना.

तुम्हालाही आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. दोन्ही बाजूंना मालट्रकांच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या. शहरात पेट्रोल मिळेना, दूध आणि भाजीची ओढाताण झाली. अशा वेळी माणसं एकमेकांच्या उरावर बसतील असं कुणाला वाटलं असतं. पण आपल्याकडं काय झालं? महामार्गालगतच्या गावांनी अडकलेल्या परराज्यांतल्या ट्रकवाल्यांना भाकरी-भाजी नेऊन दिली. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यानं टाकीतलं शेवटचं लिटर एका बाळंतिणीसाठी राखून ठेवलं होतं. चिखली-आंबेवाडीकडून ट्रॅक्टरांवरून माणसं आणि जनावरं येत होती, आणि त्या ट्रॅक्टरांना कुणी हॉर्न मारत नव्हतं. चौकात पोलिस नसला तरी लोक हात करून आधी समोरच्याला जाऊ देत होते. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तसाच पूर आला, आणि माणसं पुन्हा तशीच वागली. त्याच्या आधी जानेवारी २०१८ मध्ये शिवाजी पुलावरून मिनीबस रात्री पंचगंगेत कोसळली, १३ जीव गेले. त्या काळोखात मदतीला धावलेली माणसं आजूबाजूच्या वस्तीतलीच होती.

मग हीच माणसं दिवाळीच्या संध्याकाळी एका ॲम्ब्युलन्सला वाट का देऊ शकत नाहीत? मी महिनाभर हाच विचार करत होते. जे उत्तर मला सापडलं, त्यासाठीच हे पत्र.

पूर हळू चढतो. बंधाऱ्यावर किती फूट झालं ते तासातासाला कळतं. मोबाईलवर, रेडिओवर, कट्ट्यावर तेवढीच चर्चा असते. आपल्याला विचार करायला वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की कोल्हापूरचा माणूस चांगलंच वागतो, हे मी छातीठोकपणे सांगते. सायरन तसा येत नाही. तो ऐकू येतो आणि तुमच्या हातात चार-पाच सेकंद असतात. एवढ्या वेळात मन काही ठरवत नाही. हातापायांना जी सवय असेल तेवढीच बाहेर येते.

शरीराचं तंत्रच तसं आहे. अचानक धोका जाणवला की रक्तात ॲड्रेनलिन उसळतं, छाती धडधडते, पकड घट्ट होते. नजर अरुंद होते. बोगद्यातून बघितल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं आणि दोन्ही बाजूंचे आरसे असून नसल्यासारखे होतात. कानही दगा देतात. आवाज डावीकडून येतोय की उजवीकडून ते आपल्याला चटकन कळतं, पण पुढून की मागून हे ओळखणं माणसाच्या कानाला मुळातच अवघड जातं. त्यात गंगावेशीसारख्या अरुंद रस्त्यावर दोन्हीकडच्या भिंतींवर आदळून आवाज चारी बाजूंनी येतो. काचा बंद, एसी चालू, गाणी चालू असतील तर ॲम्ब्युलन्स अगदी पाठीशी येईपर्यंत पत्ताच लागत नाही. ती आरशात दिसते तेव्हा आपण दचकतो, आणि दचकलेला पाय एकाच ठिकाणी जातो. ब्रेकवर.

ब्रेकवरच का? कारण आम्ही तेच शिकवलंय. ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्या दिवशीचं माझं पहिलं वाक्य गेली १९ वर्षं एकच होतं: "काही कळंना झालं की ब्रेक." शिकाऊ माणसासाठी ते बरोबरच आहे. माझ्या पायाखालीही वेगळा क्लच-ब्रेक असतो आणि मीही तेच करते. पण ते वाक्य त्याच्या पायात इतकं मुरतं की पुढं जिथं ब्रेक मारून थांबणं हीच चूक असते, तिथंही पाय तेच करतो. टायर फुटला की लोक कचकन ब्रेक मारतात आणि गाडी फिरते. खरं तर स्टेअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा असतो. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं यंत्र असलेल्या गाडीत जोरात ब्रेक मारल्यावर पायाखाली पेडल थरथरतं. ते यंत्र आपलं काम करत असतं, पण माणूस घाबरून पाय उचलतो, कारण ती थरथर त्याला आधी कुणी दाखवलेलीच नसते. सायरनचंही तसंच आहे.

तो पोरगा आठवड्याभरानं आप्पांना बघायला घरी आला. त्याला माहीतच नव्हतं की त्या ॲम्ब्युलन्समध्ये आम्ही होतो. मीही लगेच सांगितलं नाही. चहा झाल्यावर विचारलं, "काय रे, मागं सायरन आला की तू काय करतोस?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "मॅडम, परवाच असं झालं. सायरन ऐकला आणि पाय ब्रेकवरच राहिला. पुढं रिक्षा, डावीकडं दुचाक्या. कुठं जायचं कळंना. लोक शिव्या देत होते, तसं आणखीच सुचंना." मग मी सांगितलं. तो रडला. मी त्याला विचारलं, "मी तुला हे शिकवलं होतं का?" तो मान खाली घालून म्हणाला, "नाही." खरंच होतं. चढावर गाडी उचलणं शिकवलं, आठ काढणं शिकवलं, रिव्हर्स शिकवलं. सायरन कधीच शिकवला नाही. त्या दोन मिनिटांतली माझी जबाबदारी मी मान्य करते, आणि माझ्या धंद्यातल्या बाकीच्यांनीही करावी असं मला वाटतं.

आता तुमच्याशी थेट बोलते.

सायरन ऐकू आला की पहिलं काम आरसे. मधला, मग दोन्ही बाजूंचे. गाडी कुठून येतेय ते बघितल्याशिवाय स्टेअरिंग हलवायचं नाही. मग डावा इंडिकेटर. हा इंडिकेटर फार मोलाचा आहे. मागच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला त्यावरून कळतं की तुम्ही ऐकलंय आणि कुठं जाणार आहात. मग वेग हळूहळू कमी करत डावी कड धरायची आणि तिथंच राहायचं. समोरून येणाऱ्यांनीही आपापली डावी कड धरली की मधली वाट आपोआप तयार होते. रस्त्याच्या मधोमध कचकन थांबणं सगळ्यात वाईट. कारण ॲम्ब्युलन्सला आपला वेग मोडावा लागतो, आणि आत स्ट्रेचरवर पडलेल्या माणसाला व त्याला सलाईन लावणाऱ्याला तो हिसका बसतो. लाल सिग्नलला पहिल्या ओळीत असाल तर घाबरून चौकात उडी मारू नका. आडव्या रस्त्यानं सुटलेल्या गाड्यांना सायरन ऐकू आलेला नसू शकतो. जागच्या जागी जेवढं डावीकडं सरकता येईल तेवढं सरका, आणि वाहतूक पोलिस हात करेल तसं वागा. एक ॲम्ब्युलन्स गेली की लगेच मधे येऊ नका. मागं दुसरी असू शकते, अग्निशमनची गाडी असू शकते.

दुचाकीवाल्यांनो, तुम्ही सगळ्यात चपळ आणि सगळ्यात जास्त. चारचाकी डावीकडं सरकली की जी फट उघडते, तिच्यात तुम्ही शिरता, आणि ती फट ॲम्ब्युलन्ससाठी होती. त्या संध्याकाळी उतरून बॉनेटवर थाप मारणारी पोरंही दुचाकीवालीच होती, हे मी विसरलेले नाही. तुमच्यातले दोघं खाली उतरले आणि वाट मोकळी झाली. बाकीच्यांनी फक्त त्या फटीत जायचं थांबवलं असतं, तर त्यांना उतरावंही लागलं नसतं.

आणि शेपटी धरणारे. यांच्याबद्दल मला सौम्यपणे लिहिता येत नाही. ॲम्ब्युलन्सनं वाट पाडली की तिच्या पाठीमागं गाडी चिकटवून तीन सिग्नल पार करायचे, आणि घरी जाऊन आज लवकर कसे आलो ते सांगायचं. रुग्णाच्या जीवासाठी लोकांनी दिलेली वाट तुम्ही स्वतःसाठी वापरता. शिवाय लोक ॲम्ब्युलन्स गेली असं बघून पुन्हा रस्त्यात येत असतात, त्यांना तुम्ही येताय हे ठाऊक नसतं. ॲम्ब्युलन्स सुखरूप निघून जाते आणि तिच्या मागच्या त्या रिकाम्या जागेत टक्कर होते. ताशी ६० च्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढच्या ॲम्ब्युलन्सनं ब्रेक मारला आणि तुम्हाला कळून पाय हलायला दीड सेकंद लागला, तरी २५ मीटर गेलेले असतात. तुम्ही तर १० मीटरवर असता.

"ती रिकामीच असते, उगाच सायरन वाजवतात" हे वाक्यही मी नाक्यानाक्यावर ऐकते. आमच्या घरी फुलेवाडीला आली तेव्हा ती गाडी रिकामीच होती. रिकामी असल्याशिवाय ती कुणाला आणायला कशी जाणार? मागच्या काचेतून आत कुणी झोपलेलं दिसत नाही म्हणून वाट अडवणाऱ्यानं एवढं लक्षात घ्यावं की ज्याच्यासाठी ती चाललीय तो अजून घरच्या फरशीवर पडलेला असेल.

ऊसवाल्या दादांनाही एक विनंती. हंगामात डबल ट्रॉली लावून तुम्ही रात्रंदिवस राबता, तुमचे कष्ट मला दिसतात. पण ट्रॅक्टरचं इंजिन आणि वर मोठा स्पीकर, यांत सायरन बुडून जातो. तुमची गाडी कडेला घ्यायला वेळ लागतो, म्हणून तुम्हाला तो इतरांपेक्षा आधी ऐकू यायला हवा. गावातून, बाजारातून जाताना तेवढा आवाज बंद ठेवा. आणि ट्रॉलीच्या मागचं दिसेल असे आरसे दोन्ही बाजूंना लावा.

आता गर्दीच्या मनाबद्दल थोडं. अमेरिकेत १९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी एक प्रयोग केला होता. बंद खोलीत माणसाला कागद भरायला बसवलं आणि भिंतीतून धूर सोडला. माणूस एकटा असेल तर १०० पैकी ७५ जण उठून सांगायला गेले. पण ठरवून काहीच न करणारे दोघं शेजारी बसवले तेव्हा १०० पैकी १० च जण उठले. माणसं वाईट नव्हती. प्रत्येक जण दुसऱ्याकडं बघत होता आणि दुसरा बसलाय म्हणजे काळजी नसावी असं समजत होता. दसरा चौकात सिग्नलला मी हेच रोज बघते. मागं सायरन वाजतोय आणि ५० जण एकमेकांकडं बघतायत. पण यातून उलटंही घडतं, तेही मी बघितलंय. एकानं इंडिकेटर देऊन गाडी डावीकडं घेतली की मागचे चार जण मेंढरासारखे त्याच्यामागं डावीकडं सरकतात. त्या चौघांचं भलं त्या एकाच्या हातात असतं. तो एक तुम्ही व्हा.

आपल्या पुरातल्या वागण्याचं मी एवढं कौतुक केलं, पण तिथंही एक ठिकाण आहे जिथं आपण घसरतो, तेही सांगितलं पाहिजे. रस्त्यावर पाणी आलं की कुणीतरी बॅरिकेड बाजूला सारून गाडी घालतो. ती पार गेली की मागचा म्हणतो, "ती गेली न्हवं, मग आपली का जाणार न्हाई?" वाहतं पाणी ३० सेंटीमीटर, म्हणजे फूटभर असलं तरी लहान मोटार तरंगू लागते. दोन फूट पाण्याचा ओढा बहुतेक गाड्या ओढून नेतो. पाण्याखालचा रस्ता खचलाय की नाही हे वरून कुणालाच दिसत नाही. कोल्हापूरच्या माणसाला धाडस कमी पडत नाही, पण केर्लीजवळ रत्नागिरी रस्त्यावर पाणी आलं की परत फिरणं हेच त्या घडीचं धाडस आहे. तुमच्या गाडीत बायकापोरं असतात.

आणखी एक प्रसंग बहुतेक घरांत कधी ना कधी येतो. दुखणं अचानक येतं, ॲम्ब्युलन्सची वाट बघायला धीर नसतो, आणि आपण स्वतःच्या गाडीत रुग्णाला घालून सुटतो. हेडलाईट लावून, हॉर्नवर हात ठेवून, चारी इंडिकेटर चमकवत. मी समजू शकते. पण ज्याचे वडील मागच्या सीटवर तळमळतायत, त्याची नजर रस्त्यापेक्षा आरशात जास्त असते. त्याच्या हातात त्या वेळी गाडी देऊ नये. शेजाऱ्याला उठवा, गल्लीतल्या रिक्षावाल्याला हाक मारा, १०८ ला फोन लावा. चारी इंडिकेटर चालू ठेवून गाडी पळवू नका, कारण मग तुम्ही डावीकडं वळणार की उजवीकडं हे बाकीच्यांना कळतच नाही.

अपघात बघून पुढं निघून जाणाऱ्यांबद्दल थोडक्यात. भीती पोलिसांच्या चौकशीची असते, हे मला ठाऊक आहे. ती आता ठेवायचं कारण नाही. सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि २०१९ च्या दुरुस्तीनं ते मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दावा लागत नाही, आणि नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. त्याच दुरुस्तीनं आणखी एक कलम आणलं, १९४-ई. ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमनच्या गाडीला वाट न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. कलम चांगलं आहे, असावंच. शेपटी धरणाऱ्याला आणि मुद्दाम अडवणाऱ्याला ते लागलं पाहिजे. पण माझ्या त्या विद्यार्थ्याच्या पायाला १० हजारांची भीती घालून काय मिळणार? तो आधीच घाबरलेला होता.

म्हणून परिवहन कार्यालयातल्या आणि वाहतूक शाखेतल्या साहेबांनाही हे पत्र वाचायची विनंती आहे. पावसाळ्याआधी आपत्ती व्यवस्थापनाची माणसं तलावात बोटी उतरवून सराव करतात. पाणी यायच्या आधीच कुणी दोर टाकायचा, कुणी बोट धरायची हे ठरलेलं असतं. सायरनचा असा सराव आपण कधी केलाय? पक्क्या लायसनच्या चाचणीत ट्रॅकवर एकदा तरी मागून सायरनची गाडी येऊ द्या, आणि उमेदवार काय करतो ते बघून गुण द्या. महिन्यातून एका रविवारी सकाळी, आधी जाहीर करून, कावळा नाका ते दसरा चौक अशी एक ॲम्ब्युलन्स सरावासाठी सोडा. जर्मनीत महामार्गावर गाड्यांचा वेग रांगण्याइतका झाला की सायरन वाजायच्या आधीच वाट मोकळी ठेवायची असा नियम आहे. तिथं गाड्या उजव्या बाजूनं चालतात. अगदी डावीकडच्या लेनमधले डावीकडं सरकतात, बाकी सगळे उजवीकडं, आणि मधे एक गल्ली तयार होते. तिथली माणसं आपल्यापेक्षा दयाळू आहेत असं कुणी म्हणणार नाही. त्यांनी ठरवायचं काम आधीच करून ठेवलंय एवढंच. शिरोलीच्या पुलाजवळ महामार्ग तुंबतो तेव्हा मला हे नेहमी आठवतं.

तोपर्यंत मी माझ्यापुरतं सुरू केलंय. शिकवणीतले दोन दिवस आता सायरनचे असतात. मोकळ्या मैदानात चुन्याच्या रेषा मारून रस्ता आखते, मागच्या सीटवर मोबाईलवर सायरन लावते, कधी मध्येच, न सांगता. पहिल्या खेपेला जवळजवळ प्रत्येक जण ब्रेक मारतो. दुसऱ्या खेपेला आरसा बघतो पण इंडिकेटर विसरतो. चौथ्या-पाचव्या खेपेला हात आपोआप जातो, आणि चेहऱ्यावरचा ताणही उतरलेला दिसतो. तो पोरगाही येतो, स्वतः शिकायला नव्हे, इतरांसाठी मागून गाडी आणायला.

आप्पा हल्ली संध्याकाळी गॅलरीत बसतात. रस्त्यावरून सायरन आला की बोलायचं थांबवून ऐकतात. आवाज सरकत गेला तर काही म्हणत नाहीत. एकाच जागी राहिला तर मला हाक मारतात, "बघ गं, अडकली वाटतं."

शनिवारी सकाळी ७ ते ९ मी मैदानावर असते. लायसन काढून वीस वर्षं झाली असली तरी या. रिक्षा घेऊन या, टेम्पो घेऊन या, ट्रॅक्टर आणलात तरी जागा आहे. फी नाही. कुठल्या मैदानावर ते माझ्या कुठल्याही जुन्या विद्यार्थ्याला विचारा, तुमच्या गल्लीत एखादा तरी सापडेल.

तुमचीच,
राजारामपुरीतली एक ड्रायव्हिंग शिक्षिका
कोल्हापूर